अपयश कोणाचे? : भूमिकाखेळातील कर्तृत्वाचा प्रश्न

गोंदिया जिल्ह्यातील दवनीवाडा आणि त्याच्या आसपासचा परिसर हा धानाचा मुलूख. कापणी उरकत आली आणि दिवाळी सरली, की या भागात मंडईचे दिवस सुरू होतात. दिवसा बाजार भरतो. रात्री दंडार, खडी गंमत किंवा नाटक उभे राहते आणि ते पहाटेपर्यंत चालते. झाडीपट्टीच्या या नाट्यव्यवहाराचा एक विशेष असा, की दंडारीत भूमिका करणारा माणूस पाहणाऱ्यांच्या बहुधा ओळखीचा असतो. राजाचे सोंग घेऊन आलेला गडी कोणाच्या घरचा, त्याची बांधी कुठे, यंदा त्याने कोणाकडून उसने घेतले, हे समोर बसलेल्यांना ठाऊक असते. तो वाक्य विसरला तर ते अपयश राजाचे नसते, त्या गड्याचे असते. आणि दुसऱ्या दिवशी चारचौघांत त्याला त्याची आठवण करून दिली जाते. याच परिसरातल्या एखाद्या घरात आज कोणी तरुण पडद्यासमोर बसून एका काल्पनिक राज्यातील योद्ध्याची भूमिका करीत असेल. तो योद्धा मरतो, पुन्हा उठतो, पुन्हा मरतो. एकाच राक्षसाच्या हातून एका रात्रीत वीस वेळा मरतो. हे अपयश कोणाचे? योद्ध्याचे, तरुणाचे, की ज्याने तो राक्षस रचला त्याचे?

हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटण्याची शक्यता आहे. साहित्यविचाराने संगणकीय खेळांची दखल घ्यावी काय, हाच वाद अद्याप मिटलेला नाही. आणि ज्यांनी दखल घेतली त्यांनीही बहुतेक वेळा त्यांतील कथानकापुरतीच घेतली. उलटपक्षी, खेळणाऱ्यांच्या वर्तुळात होणारी चर्चा दोन रकान्यांत चालते. एकीकडे बलस्थाने : विस्तीर्ण जग, शस्त्रांची विविधता, युद्धाची लय. दुसरीकडे वैताग : अवघड टप्पे, तेच ते करावे लागणे, हुकणारी उडी, अर्धवट शेवट. मग दोहोंची वजाबाकी करून गुण दिले जातात. या पद्धतीत असे गृहीत धरलेले असते, की वैताग हा कृतीबाहेरचा दोष आहे आणि तो काढून टाकला तर निखळ बलस्थान उरेल. हे गृहीतक तपासून पाहणे आवश्यक आहे. भूमिकाखेळातील काही वैताग त्याच्या अर्थाचाच भाग असतो आणि काही वैताग त्या अर्थाचा घात करतो. या दोहोंतील भेद तांत्रिक नसून नैतिक आहे.

प्रथम या प्रकाराचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून खेळावयाचा खेळ प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक खेळाडू एक पात्र धारण करतो, आणि ते पात्र सहा संख्यांनी व्यक्त होते : बळ, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव. पात्र पराक्रम करते, त्याबद्दल त्याच्या खात्यावर अनुभवाचे अंक जमा होतात, अंक साठले की ते वरच्या पायरीवर जाते. गंमत अशी, की आरंभीच्या नियमांत शत्रूला मारल्याने जसा अनुभव वाढे तसाच गुहेतून सोने बाहेर आणल्यानेही वाढे. अनुभव हा शब्द मराठी समीक्षेने गेली साठसत्तर वर्षे किती जपून वापरला आहे, हे माहीत असणाऱ्यास येथे थबकावेसे वाटेल. पुढे हीच जमाखर्चाची रीत संगणकात गेली. तिच्यात हाताच्या चापल्याची भर पडली, फाशांच्या जागी खेळाडूची बोटे आली, आणि ज्याला ॲक्शन रोल-प्लेइंग गेम म्हणतात तो संमिश्र प्रकार सिद्ध झाला. याचे व्यवच्छेदक लक्षण हे, की येथे यशाचे दोन स्रोत एकत्र नांदतात. खेळणाऱ्याचे कौशल्य हा एक. पात्राच्या खात्यावरील संख्या हा दुसरा. राक्षस पडला तर तो कोणामुळे पडला, याचे उत्तर त्यामुळे कधीच सरळ मिळत नाही.

भारतीय साहित्यशास्त्राच्या दृष्टीने पाहता या प्रकारात एक मूलभूत अडचण आहे. अभिनवगुप्ताने रसप्रतीतीच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांपैकी एक निजसुखादिविवशीभाव, म्हणजे प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखाने ग्रस्त असणे. ज्याचे पोट दुखत आहे किंवा ज्याच्या घरी आज कर्जाचा तगादा आला आहे, त्याला समोरचा करुण करुण म्हणून आस्वादता येत नाही. म्हणून गीत, वाद्य, मंडपाची शोभा अशा उपायांनी त्याला स्वतःतून बाहेर काढावे लागते. साधारणीकरणाची सारी प्रक्रिया ‘हे माझे’ आणि ‘हे दुसऱ्याचे’ या बंधनातून सुटण्यावर अवलंबून आहे. भूमिकाखेळ नेमके उलटे करतो. खेळाडू आधी शांत बसलेला असतो; त्याला खेळच विवश करतो. तळहाताला घाम येतो, दात आवळले जातात, मनात राक्षसाविषयी खरोखरीचा संताप उसळतो. हा रौद्ररस नव्हे. हा लौकिक क्रोध आहे, आणि त्याचा आश्रय खुद्द खेळाडू आहे. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी भूमिकांची जी मांडणी केली, तिच्या चौकटीत हा प्रकार बसवू पाहिल्यास तो दोन्हीकडून निसटतो. जग तर काल्पनिक, प्रयोजनशून्य आणि चौकटीने वेगळे काढलेले. त्यातले अपयश मात्र अगदी लौकिक.

नटाच्या बाबतीत अभिनवगुप्ताने आणखी एक मार्मिक गोष्ट सुचविली आहे. नटाला ‘पात्र’ म्हणतात ते अशासाठी, की मद्याच्या भांड्याला मद्याची चव कळत नसते. रस नटाच्या द्वारे प्रेक्षकापर्यंत पोहोचतो, नटात तो नसतो. या दृष्टान्ताची जी मजा मराठीत आहे ती इतरत्र क्वचितच असेल, कारण आपल्याकडे भांडे आणि भूमिका या दोहोंना आजही एकच शब्द आहे. भूमिकाखेळात भांडे आणि पिणारा एकच होतात. करणाराही तोच आणि पाहणाराही तोच. प्रयोग करावयाचा तोही स्वतःपुढेच. तेव्हा रससिद्धान्त या प्रकाराला लागू पडत नाही असे म्हणून थांबण्यापेक्षा, जे नाट्यात विघ्न आहे ते खेळात द्रव्य का होते, असे विचारणे अधिक फलदायी ठरेल.

बर्नार्ड सूट्स या तत्त्वचिंतकाने ‘द ग्रासहॉपर’ (१९७८) या ग्रंथात खेळाची जी व्याख्या केली, तिचा इत्यर्थ असा, की अनावश्यक अडथळे स्वेच्छेने ओलांडण्याचा प्रयत्न म्हणजे खेळ. गोल्फचा चेंडू खळीत हाताने नेऊन टाकता येतो. तसे न करण्याचे बंधन खेळाडू आपणहून पत्करतो, कारण त्याला चेंडू खळीत असण्याशी कर्तव्य नसते, तो तेथे विशिष्ट रीतीने नेण्याशी असते. येथे अडथळा हा साध्याच्या वाटेतील धोंडा राहत नाही. साध्याला अर्थ त्याच्यामुळेच येतो. येस्पर यूल यांनी २०१३ सालच्या ‘द आर्ट ऑफ फेल्युअर’मध्ये हाच धागा पुढे नेऊन शोकात्मिकेच्या जुन्या कोड्याला समांतर असे अपयशाचे कोडे मांडले. माणूस अपयश टाळतो. खेळात अपयश हटकून येते. तरी माणूस खेळाकडे जातो. ॲरिस्टॉटलच्या प्रेक्षकाची गोष्ट मात्र वेगळी होती. इडिपसची चूक पाहून त्याला भय आणि करुणा वाटे, पण ती चूक त्याची नसे. खेळाडू इडिपसची चूक स्वतः करतो, आणि चूक झाल्यावर घरात कोणी पाहिले तर नाही ना, म्हणून मागे वळून बघतो.

या दृष्टीने ‘डार्क सोल्स’ या २०११ सालच्या जपानी खेळाचे उदाहरण विशेष बोलके आहे. फ्रॉमसॉफ्टवेअर या संस्थेने तो निर्माण केला. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. यात शत्रूला मारल्यावर ‘आत्मे’ मिळतात. तेच चलन आणि तोच अनुभव. पात्र मेले की जवळचे सारे आत्मे मृत्यूच्या जागी पडून राहतात. खेळाडू शेवटच्या शेकोटीपाशी पुन्हा उठतो. वाटेतले शत्रूही पुन्हा उठलेले असतात. त्या जागेपर्यंत पोहोचला तर गमावलेले परत मिळते. वाटेत पुन्हा मेला तर पहिले कायमचे जाते. खेळ सोपा करून घेण्याची सोय त्यात दिलेली नाही. हा क्रूर जमाखर्च पहिल्या भेटीत असह्य वाटतो. तरीही या खेळाचे चाहते एक गोष्ट आग्रहाने सांगतात : मेल्यावर राग यंत्राचा येत नाही, स्वतःचा येतो. घाई केली, ढाल उचलायला हवी होती, त्या कोपऱ्यामागे कोणी दबा धरून असेल हे सुचायला हवे होते. अपयशाला कारण सापडते, ते कारण आपल्या कह्यातले असते, आणि पुढच्या खेपेस ते दूर करता येते. वैताग येथे कर्तृत्वाची खूण म्हणून येतो.

परंतु हे विधान सरसकट खरे नाही, आणि जेथे ते खोटे ठरते ती जागा तपासण्यासारखी आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण, विविध चेष्टा आणि दैव. या पंचकाचा पारंपरिक अर्थ बाजूला ठेवून केवळ विश्लेषणाचे साधन म्हणून ते येथे वापरले, तर खेळातील अपयशाचा पंचनामा नीट करता येतो. यंत्र हे अधिष्ठान. खेळाडू हा कर्ता. हातातील बटणे हे करण. बोटांच्या हालचाली या चेष्टा. आणि योगायोग, तसेच रचनाकाराने आधीच लिहून ठेवलेले सारे काही, हे दैव. (खेळातील दैव हे कोणीतरी पगार घेऊन लिहिलेले असते, एवढा फरक लक्षात ठेवावा.) ‘डार्क सोल्स’मध्येच ब्लाइटटाउन नावाची विषारी दलदल आहे. तेथे फळ्यांचे अरुंद मनोरे उतरून जावे लागते, आणि मूळ आवृत्तीत नेमक्या त्याच ठिकाणी यंत्राची दमछाक होऊन चित्र अडखळत असे. खेळाडूने बटण वेळेवर दाबले तरी पाय घसरे. हे अपयश अधिष्ठानाचे. पण खात्यावरून आत्मे जातात ते कर्त्याच्या. दुसऱ्याच्या चुकीचा दंड स्वतः भरण्याचा हा अनुभव आहे, आणि त्यातून येणारा संताप आधीच्या संतापाहून जातीनेच वेगळा असतो. तो बोटांच्या अपयशावर नसतो, अन्यायावर असतो. पहिला संताप माणसाला शिकवतो. दुसऱ्यापासून शिकण्यासारखे काही नसते, कारण त्यात दुरुस्त करता येण्याजोगे ‘मी’चे काही उरलेले नसते.

महाराष्ट्रात निर्माण झालेल्या एका खेळाकडे वळल्यास हा भेद अधिक स्पष्ट होतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ २०२० साली आला. काटेकोर वर्गीकरणात तो भूमिकाखेळ नव्हे. त्यातील अंकांचे प्रस्थ मर्यादित आहे आणि त्याला साहसखेळ म्हणणेच योग्य. पण अद्भुत जग, दैवी शस्त्रे, असुरांशी झुंज आणि एका पात्राचे दीर्घकाल धारण, ही सारी सामग्री त्याच कुळातील आहे. राजी ही फिरत्या खेळांत कसरती करणारी अनाथ मुलगी. रक्षाबंधनाच्या दिवशी असुर लहानग्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि ती त्याच्या शोधात निघते. दुर्गा आणि विष्णू तिची कथा आपसांत बोलत सांगतात. मधली कथानके छायाबाहुल्यांच्या रूपाने येतात. पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या चामड्याच्या बाहुल्या पाहिलेल्या मराठी माणसाला ती दृश्ये परकी वाटणार नाहीत. राजवाडे, जलाशय, भिंतींवरची चित्रे यांच्या रचनेत जी दृष्टी दिसते ती या खेळाची खरी संपदा. पाश्चात्त्य खेळांतले गढ्या-किल्ले पाहून शिणलेल्या डोळ्यांना हे अंगण आपले वाटते, आणि ही गोष्ट लहान नाही.

तथापि राजी ज्या ठिकाणी दमवते ती ठिकाणे पाहावी. कॅमेरा खेळाडूच्या हाती नाही; तो खेळच आपल्या मर्जीने फिरवतो. त्यामुळे उडी मारताना कठड्याचे अंतर कधी चुकीचे भासते आणि राजी दरीत जाते. देव बोलत राहतात. जे खेळाडूच्या नुकतेच नजरेस आले तेच पुन्हा शब्दांनी सांगतात. आणि कथा जेथे चढणीस लागावी तेथेच थांबते, शेवट तुटल्यासारखा होतो. या तिन्ही तक्रारी वेगवेगळ्या दिसत असल्या तरी त्यांचे मूळ एक आहे. पाहण्याचा अधिकार, अर्थ लावण्याचा अधिकार आणि कर्म शेवटास नेण्याचा अधिकार, हे तिन्ही कर्त्याकडून काढून घेतलेले आहेत. राजी दरीत पडते तेव्हा खेळाडूला वाटणारी चीड कठिणतेविषयीची नसते. खेळ तसा फार अवघड नाहीच. ती चीड अशी, की करायला सांगितले मला आणि पाहिले मात्र दुसऱ्याने. लोकांकडून वर्गणी गोळा करण्याचा प्रयत्न फसल्यानंतरही ज्या चिकाटीने या मंडळींनी हा खेळ उभा केला, तिच्याविषयी आदर बाळगूनच हे म्हणावे लागते. साधनांच्या तुटवड्याने काही त्रुटी समजतात. देवांचे बोलकेपण मात्र तुटवड्यातून येत नाही. ते प्रेक्षकावर विश्वास नसण्यातून येते, आणि तो रोग आपल्या पौराणिक नाटकांनाही होता.

आता दुसऱ्या प्रकारच्या वैतागाकडे, म्हणजे तेच ते करावे लागण्याकडे. खेळणारे यास ग्राइंडिंग म्हणतात. राक्षस जिंकता येत नाही, म्हणून मागे जाऊन दुबळ्या शत्रूंना शेकडो वेळा मारावयाचे, अंक साठवावयाचे, पायऱ्या चढावयाच्या, आणि मग त्याच राक्षसाला सहज लोळवावयाचे. पुनरावृत्ती हीच जर वाईट मानली तर सारे शिक्षण वाईट ठरेल. दंडारीची तालीमही पुनरावृत्तीच असते. तेच पाऊल, तीच चाल, तेच वाक्य रात्रीमागून रात्री. रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून हजारो रोपे लावणारे हातही पुनरावृत्तीच करतात. परंतु तालमीत बदल होतो तो करणाऱ्याच्या अंगात. पहिल्या रात्री अडखळणारा पाय दहाव्या रात्री ढोलकीवर आपसूक पडतो. ज्ञान शरीरात मुरते आणि ते कोणी काढून घेऊ शकत नाही. ग्राइंडिंगमध्ये बदल होतो तो खात्यावरील संख्येत. शंभर रानडुकरे मारून पात्राचे बळ वाढते, खेळाडूचे बोट होते तेथेच राहते. उद्या ती साठवण पुसली गेली तर त्याच्यापाशी काहीच उरणार नाही. ॲरिस्टॉटलने सद्गुण सवयीने येतात असे म्हटले तेव्हा त्याला अभिप्रेत असलेली सवय तालमीच्या जातीची होती; न्याय्य कृत्ये करीत करीत माणूस न्यायी होतो, कारण कृत्य कर्त्याला घडवीत जाते. अंकांच्या वहीत कृत्य कर्त्याला वळसा घालून थेट फळापाशी जाते.

याचा अर्थ संख्येने मिळवलेला विजय खोटा, असा करणे उतावीळपणाचे होईल. ज्याचे हात कापतात, ज्याला दिवसभराच्या कामानंतर अर्धाच तास मिळतो, ज्याच्या जुन्या संगणकावर चित्र अडखळत चालते, त्याच्यासाठी ही वही हा एक आधार आहे. नुसत्या चापल्याला मान देणारा खेळ एक प्रकारची उच्चनीचताच मांडतो. ‘एल्डन रिंग’ या २०२२ सालच्या खेळात मियाझाकी यांनी हा पेच बऱ्याच अंशी ओळखलेला दिसतो. वाट अडली तर दुसऱ्या दिशेला निघून जाण्याची मुभा तेथे विस्तीर्ण जगाने दिली, आणि एकट्याने न जमले तर सोबतीला पूर्वजांसारख्या छाया बोलावण्याचीही सोय केली. तरीही प्रश्न शिल्लक राहतो. ज्या रात्री राक्षस पडतो त्या रात्री खेळाडू स्वतःला विचारतोच : मी जिंकलो, की माझी पायरी जिंकली? उत्तर दुसऱ्या कोणालाही द्यावयाचे नसते. म्हणूनच ते टाळताही येत नाही.

या वहीचा मोह पराक्रमापुरता राहिला असता तर प्रश्न तेवढ्यावर संपला असता. परंतु तिने सद्गुणांनाही हात घातला आहे. रिचर्ड गॅरियट यांच्या १९८५ सालच्या ‘अल्टिमा’मालिकेतील चौथ्या खेळाचे उदाहरण या दृष्टीने अपूर्व म्हणावे लागेल. त्यात अखेरीस मारावयाचा कोणी दुष्ट सम्राट नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, सन्मान, अध्यात्म आणि नम्रता हे आठ गुण अंगी बाणवून ‘अवतार’ व्हावयाचे, हेच ध्येय. (आपल्याकडे अवतार म्हणजे वरून खाली उतरणे, येथे माणूस खालून वर चढून अवतार होतो. शब्दांच्या प्रवासात असे व्हायचेच.) या खेळात औषधी वनस्पती विकणारी आंधळी माणसे भेटतात. घेतलेल्या मालाचे पैसे किती द्यावयाचे ते गिऱ्हाइकानेच सांगावयाचे. कमी दिले तर विक्रेत्याला कळत नाही, कोणी पकडत नाही. पण आत कोठेतरी प्रामाणिकपणाचा आकडा उतरतो, आणि कित्येक तासांनंतर वाट अडते. बरोबर दोनशे वर्षांपूर्वी, १७८५ साली, कांटने प्रामाणिक दुकानदाराचे उदाहरण घेतले होते. अजाण गिऱ्हाइकालाही तो योग्य भावाने माल देतो, परंतु धंद्याच्या हिताकरिता देतो. त्याची कृती कर्तव्याला धरून आहे, कर्तव्यभावनेतून आलेली नाही. गॅरियट यांनी नकळत या उदाहरणाची बाजू पालटली. आता गिऱ्हाईक डोळस आणि दुकानदार आंधळा.

जोवर खेळाडूला आतले आकडे ठाऊक नसतात तोवर हा प्रसंग विलक्षण प्रभावी ठरतो. पडद्यावरच्या आंधळ्या, अस्तित्वात नसलेल्या विक्रेत्याला फसवताना हात क्षणभर थांबतो, आणि तो थांबणे खरे असते. परंतु आकड्यांचे गुपित फुटले की तोच प्रसंग कांटच्या दुकानदाराचा होतो. पैसे पुरते दिले जातात ते गुण वाढावा म्हणून. भिकाऱ्याला एकेक नाणे पुन्हा पुन्हा द्यावयाचे, म्हणजे करुणा लवकर भरते, असा हिशेब सुरू होतो. करुणेचेही ग्राइंडिंग करता येते हे लक्षात आले, की निष्काम कर्माची चर्चा किती व्यावहारिक होती ते उमगते : फळ दिसू लागले की कर्माचे रूपच पालटते, आणि ते पालटणे कर्त्याच्या इच्छेवर अवलंबून राहत नाही. पुढच्या काळातील अनेक खेळांनी हे आकडे उघडपणे पडद्यावर मांडले, पुण्याला निळा आणि पापाला तांबडा रंगही दिला. त्यांच्या तुलनेत १९८५चा हा ओबडधोबड खेळ अधिक सूक्ष्म वाटतो, याचे कारण त्याने वही मिटून ठेवली होती एवढेच.

येथवर विचार कर्ता आणि कृती यांच्यापुरता झाला. दंडारीच्या संदर्भात आरंभी जो साक्षीचा मुद्दा आला, तो राहिलाच. खेळातील अपयशाला साक्षीदार नसतो. ज्या परिसरात धानाचे एक पीक बुडाले की दोन वर्षांचे गणित बिघडते आणि परीक्षेतला एक निकाल मुलाचे, त्याहून अधिक मुलीचे, शिक्षण थांबवू शकतो, तेथे वीस वेळा हरूनही कोणाला काही द्यावे न लागणारी जागा असणे, ही एक मोठी सवलत आहे. पालकांना आणि शिक्षकांना ती दिसत नाही, कारण त्यांना केवळ गेलेला वेळ दिसतो. लाजेशिवाय चुकण्याची मुभा गावाने सहसा कोणाला दिलेली नाही. दंडारीने ती सोंगापुरती दिली, आणि तीही प्रामुख्याने पुरुषांना. स्त्रियांच्या भूमिका परंपरेने पुरुषच करीत आले. त्या मानाने पडदा अधिक उदार म्हणावा लागतो. परंतु साक्षीदार नाही याचा दुसरा अर्थ असा, की क्षमा करणाराही कोणी नाही. राजाचे वाक्य विसरलेल्या गड्याला गाव हसते, वर्षभर चिडवते आणि पुढच्या मंडईला पुन्हा तीच पगडी त्याच्या डोक्यावर ठेवते. यंत्र हसत नाही, चिडवीत नाही. ते फक्त पुन्हा शेकोटीपाशी आणून उभे करते. याला क्षमा म्हणता येत नाही, कारण यंत्राने दोष धरलेलाच नसतो.

‘डार्क सोल्स’च्या रचनाकारांना हा एकटेपणा जाणवला असावा, असे मानावयास त्या खेळातच एक जागा आहे. यंत्र जाळ्याशी जोडलेले असले तर जमिनीवर मधूनमधून रक्ताचे डाग दिसतात. हात लावला की एक तांबूस छाया उठते. ती दुसऱ्या कोठल्या तरी देशातील, नाव माहीत नसलेल्या खेळाडूची. त्याच्या शेवटच्या काही क्षणांची. ती पळते, कशावर तरी वार करते, मागे सरते आणि कड्यावरून खाली जाते. तिचा शत्रू दिसत नाही, केवळ तिचे मरणे दिसते. जवळच कोणी ठरावीक शब्दांची जुळणी करून संदेश लिहून ठेवलेला असतो : पुढे सापळा आहे, किंवा येथून उडी मार. त्यांतले काही संदेश खरे असतात, आणि काही निव्वळ दुसऱ्याला दरीत पाडण्याच्या मौजेखातर लिहिलेले. ज्याला कधीच भेटावयाचे नाही त्याला खरे सांगण्यात कोणाचा काय लाभ, या प्रश्नाला तेथे आकडा जोडून उत्तर देता येत नाही. आणि तरीही पुष्कळ लोक खरे लिहितात.

मंडईच्या रात्री वाक्य अडले तर प्रेक्षकांतून कोणी म्हातारा, ज्याने तीच भूमिका तीस वर्षांपूर्वी केलेली असते, मोठ्याने पुढचा शब्द टाकतो. हशा होतो, ढोलकीवर थाप पडते, राजा शब्द उचलतो आणि सोंग पुढे चालू होते. रक्ताच्या डागातून उठलेल्या छायेला मात्र पाहणारा सावध करू शकत नाही; ती कोठे घसरणार हे त्याला दिसत असते, आणि ती घसरून गेलेली असते.